आतड्यातून आखूड साखळीची मेदाम्लं कशी शोषली जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंतुमय आहार आणि आतड्यातले जिवाणू यांवर लिहू लागल्यापासून माझ्याकडे प्रश्नांचा ओघ सुरू आहे. बहुतेकांना ही मेदाम्लं जास्त कशी तयार होतील एवढंच हवं असतं. तयार झालेली मेदाम्लं आतड्याची भिंत ओलांडतात कशी, हे फार थोडे जण विचारतात. मात्र शौचाच्या तपासणीचा अर्थ, कॅप्सूलचा उपयोग, जुलाबात वाहून जाणारं पाणी अशा पुष्कळ शंकांचं उत्तर त्या ओलांडण्यातच दडलेलं आहे. म्हणून शोषणाशी संबंधित प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आखूड साखळीची मेदाम्लं म्हणजे नेमकं काय?

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची माळ, आणि तिच्या एका टोकाला आम्लाचा गट. खाद्यतेलांतल्या बहुतेक मेदाम्लांची माळ १६ किंवा १८ कार्बनची असते. इथे ज्यांची चर्चा आहे त्यांची माळ अगदी छोटी असते. ॲसिटिक आम्लात २, प्रोपिओनिक आम्लात ३ आणि ब्युटिरिक आम्लात ४ कार्बन असतात. या आम्लांनी आपला हायड्रोजन सोडला की उरलेल्या भागाला ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट म्हणतात. आतड्यात ती बहुतांशी याच रूपात असतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना एससीएफए म्हणतात, मीही पुढे तेच वापरतो.

माळ छोटी असल्यामुळे ही मेदाम्लं पाण्यात सहज विरघळतात. हा गुण लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा कामाला येईल.

२. ती जेवणातून येतात की जिवाणू तयार करतात?

मुख्यतः जिवाणूच तयार करतात. लहान आतड्यातल्या विकरांना न पचलेले तंतू आणि काही प्रकारचं स्टार्च मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा जागी जिवाणू ही कर्बोदकं आंबवून स्वतःला ऊर्जा मिळवतात, आणि एससीएफए हे त्या कामाचं उरलेलं उत्पादन असतं. बॅक्टेरॉइडीस कुळातले जिवाणू प्रोपिओनेट बरंच बनवतात. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी आणि रोझबुरिया हे ब्युटिरेट बनवणारे. बिफिडोबॅक्टेरियम ॲसिटेट आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचं तसंच रूप) सोडतात, आणि ते उचलून दुसरे जिवाणू त्याचं ब्युटिरेट करतात. एकाचं टाकलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, त्यामुळे 'अमुक जिवाणू वाढला म्हणजे अमुक आम्ल वाढलं' असं सरळ गणित मांडता येत नाही.

मोठ्या आतड्यात या तिघांचं प्रमाण ढोबळमानाने ६०:२०:२० असतं, ॲसिटेट सर्वांत जास्त. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अचानक मृत्यू आलेल्या व्यक्तींच्या आतड्यांतलं एससीएफएचं प्रमाण थेट मोजलं होतं. लहान आतड्याच्या शेवटी ते किलोमागे सुमारे १३ मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) होतं. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी ते एकदम १३१ वर गेलं आणि खाली उतरणाऱ्या भागात ८० वर आलं. जिवाणूंचा कारखाना कुठे जोरात चालतो, ते या तीन आकड्यांवरून समजतं.

३. तयार झालेल्यांपैकी अंगी किती लागतात?

जवळजवळ सगळी. दिवसाला साधारण ३०० ते ६०० मिलिमोल एससीएफए तयार होतात असा अंदाज आहे. त्यातली सुमारे ९५ टक्के आतड्यातच शोषली जातात आणि उरलेली शौचावाटे जातात. मोठं आतडं फक्त पाणी आटवतं आणि मळ साठवतं असं शाळेत शिकलेल्यांना हा आकडा चकित करतो. मोठं आतडं पोषणही करतं, फक्त त्याचा कच्चा माल जिवाणूंच्या हातून येतो.

४. तेलातल्या मेदाम्लांना पित्त लागतं. यांना का लागत नाही?

लांब साखळीची मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून पित्ताने तेलाचे बारीक थेंब करायचे, स्वादुपिंडाच्या विकराने त्यातली मेदाम्लं सुटी करायची, पेशीत गेल्यावर ती पुन्हा जोडून प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळायची आणि लसिकावाहिन्यांतून रक्तात सोडायची, असा लांबचा प्रवास असतो. एससीएफए पाण्यातच विरघळलेली असल्याने त्यांना यातलं काही लागत नाही. ती पेशीतून थेट सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जातात आणि पोर्टल शिरेने यकृताकडे निघतात. म्हणून पित्ताशय काढलेल्या किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तीतही त्यांचं शोषण त्या कारणाने अडत नाही.

५. शोषण फक्त मोठ्या आतड्यातच होतं का?

नाही. लहान आतडंही एससीएफए चांगली शोषतं. तिथे ती फारशी तयार होत नाहीत, एवढाच फरक. जी तोंडावाटे घेतली जातात, उदाहरणार्थ व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल, ती वरच्या वरच शोषली जातात आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नाहीत. ब्युटिरेटची कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी हा मुद्दा कळीचा आहे (प्रश्न १४).

६. ती पेशीचं आवरण ओलांडतात तरी कशी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझ्या सर्वांत आवडीचा प्रश्न. त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

पेशीचं आवरण स्निग्ध असतं. विद्युतभार असलेल्या कणाला ते सहज वाट देत नाही. एससीएफए भारित आहेत की नाहीत, हे भोवतालच्या आंबटपणावर ठरतं. आंबटपणा पीएच या अंकाने मोजतात: अंक जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. या तिघांसाठी पीएच ४.८ च्या आसपास निम्मी आम्लं हायड्रोजनसह, म्हणजे भाररहित असतात आणि निम्मी भारित. पीएच एका अंकाने वाढला की भाररहितांचं प्रमाण साधारण दहापट कमी होतं. मोठ्या आतड्यातला पीएच सहसा ५.५ ते ७ च्या दरम्यान असतो. ५.८ ला सुमारे ९ टक्के भाररहित उरतात, ६.८ ला फक्त १ टक्का. म्हणजे बाकी जवळजवळ सगळी बंद दारासमोर उभी असल्यासारखी. तरीही ९५ टक्के आत जातात. मग कशी?

पहिली वाट झिरपण्याची. जी थोडी आम्लं भाररहित आहेत ती आवरणातून सरळ आत शिरतात. ती गेली की संतुलन राखण्यासाठी बाहेरची आणखी काही हायड्रोजन उचलून भाररहित होतात आणि तीही शिरतात. हा हायड्रोजन पुरवायला पेशी स्वतः मदत करते. तिच्या पृष्ठभागावर सोडियम आत घेऊन हायड्रोजन बाहेर सोडणारी यंत्रणा असते, आणि तिच्यामुळे पेशीलगतच्या बुळबुळीत थरात आतड्याच्या पोकळीपेक्षा वेगळा पीएच टिकून राहतो.

दुसरी वाट अदलाबदलीची. एससीएफए आत घ्यायचं आणि बदल्यात बायकार्बोनेट (आंबटपणा कमी करणारा भारित कण) पोकळीत सोडायचं.

तिसरी वाट वाहक प्रथिनांची. एमसीटी१ नावाचं प्रथिन एससीएफए आणि हायड्रोजन यांची जोडी करून त्यांना आत नेतं. एसएमसीटी१ हे प्रथिन तेच काम सोडियमच्या जोडीने करतं. दोघांतल्या फरकासाठी प्रश्न ८ पाहा.

पेशीत शिरलेल्याला दुसऱ्या बाजूने रक्तात उतरावंही लागतं. पेशीच्या त्या बाजूला वेगळे वाहक असतात, त्यांत एमसीटी४ चा वाटा मानला जातो. तिथेही बायकार्बोनेटशी अदलाबदल होते.

७. या वाटांपैकी खरी मुख्य कोणती?

यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालला आहे. दोन्ही बाजूंचे मुद्दे मला विचार करण्यासारखे वाटतात.

१९७८ साली माणसाच्या गुदाशयात विद्राव्य पदार्थ आरपार जाऊ देणारी पिशवी ठेवून शोषण मोजलं गेलं. तेव्हा तिन्ही आम्लं जवळपास सारख्याच वेगाने शोषली जाताना दिसली. केवळ झिरपणंच असतं तर अधिक स्निग्ध असलेलं ब्युटिरेट ॲसिटेटपेक्षा स्पष्टपणे पुढे निघायला हवं होतं. त्याच प्रयोगात पोकळीत बायकार्बोनेट जमताना दिसलं. हे अदलाबदलीच्या बाजूने जातं असं वाटतं. पण थांबा. पोकळीतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून हायड्रोजन आणि बायकार्बोनेट तयार होतं. त्यातला हायड्रोजन आम्लाने उचलून नेला तर मागे बायकार्बोनेटच उरेल. म्हणजे नुसत्या झिरपण्यातूनही तेच दृश्य दिसू शकतं.

माझं मत असं: मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला पीएच कमी आणि एससीएफए भरपूर असल्याने झिरपण्याला वाव जास्त असतो. शेवटाकडे पीएच चढतो, भाररहित आम्लं दुर्मीळ होतात आणि वाहकांवर भिस्त वाढते. एकच वाट 'खरी' ठरवण्याचा हट्ट सोडलेला बरा.

८. एमसीटी१ आणि एसएमसीटी१ यांत फरक काय? नावं सारखीच वाटतात.

जोडीदार वेगळा आणि कामाची परिस्थितीही वेगळी. एमसीटी१ हायड्रोजनच्या ओढीवर चालतं आणि एससीएफए भरपूर असताना काम करण्याजोगं आहे. ते लॅक्टेट आणि कीटोन यांचीही ने-आण करतं, म्हणून आतड्याबाहेर अनेक अवयवांत आढळतं. पेशीच्या पृष्ठभागावर नीट बसण्यासाठी त्याला बॅसिजिन नावाच्या सोबती प्रथिनाची गरज लागते.

एसएमसीटी१ सोडियमच्या ओढीवर चालतं आणि ब्युटिरेट अगदी कमी असलं तरी ते पकडतं. आतडं एससीएफएने भरलेलं असताना हा वाहक सतत तुडुंब भरलेला असतो, त्यामुळे एकूण शोषणात त्याचा वाटा कमी पडत असावा. खरी परीक्षा टंचाईच्या दिवसांत होते. एसएमसीटी१ नसलेल्या उंदरांना पुरेसे तंतू दिले तर फारसं बिघडत नाही. तंतू कमी केले की मात्र त्यांच्या आतड्यात सूज आणि गाठी वाढण्याची प्रवृत्ती दिसते. मोठ्या आतड्याच्या अनेक कर्करोगांत या वाहकाचा जनुक निष्क्रिय केलेला आढळतो.

९. एससीएफएमुळे पाणी आतड्यात ओढलं जाऊन जुलाब होतात, असं वाचलं. खरं का?

पूर्वी असं मानलं जायचं, कारण ही विद्राव्य आम्लं शोषली जात नाहीत असा समज होता. माणसांतलं शोषण थेट मोजलं गेल्यावर, विशेषतः १९७० च्या दशकापासून, चित्र उलटं झालं. एससीएफए शोषली जाताना सोडियम आत खेचलं जातं. प्रश्न ६ मधली यंत्रणा आठवा: आम्लासोबत आत आलेला हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी पेशी सोडियम आत घेते. सोडियममागे पाणी येतं. म्हणजे एससीएफए मोठ्या आतड्याला पाणी राखायला मदत करतात.

याचा उपयोग उपचारातही केला गेला आहे. २००० साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी कॉलरा झालेल्या रुग्णांना नेहमीच्या जलसंजीवनीत लिटरमागे ५० ग्रॅम न पचणारं मक्याचं स्टार्च मिसळून दिलं. ते स्टार्च मोठ्या आतड्यात आंबून एससीएफए तयार व्हावीत आणि त्यांनी मीठ-पाणी परत शोषून घ्यावं, ही कल्पना. शौचातून होणारी हानी कमी झाली आणि जुलाबाचा कालावधीही घटला. एका पेशीच्या आवरणावर घडणारी सूक्ष्म क्रिया जीवघेण्या आजारात कामी येते, हे मला आजही विलक्षण वाटतं. (असा प्रयोग घरी स्वतःच्या हाताने करू नका. जलसंजीवनीतल्या घटकांचं प्रमाण बिघडलं तर धोका होतो.)

अपवाद आहेच. न पचलेली शर्करा एकदम खूप पोचली, तर जिवाणू ती आंबवायला आणि आतडं एससीएफए शोषायला कमी पडतं. मग शिल्लक शर्करा आणि आम्लं पाणी धरून ठेवतात आणि जुलाब होतात. लॅक्ट्युलोज हे बद्धकोष्ठावरचं, न पचणाऱ्या शर्करेचं औषध थोड्या मात्रेत घेतलं तर त्यातलं बहुतेक सगळं आंबून जातं, मात्रा वाढली की पाणी ओढणं सुरू होतं. तेव्हा दोष एससीएफएचा नसून शोषणाची मर्यादा ओलांडल्याचा असतो.

१०. पेशीत शिरलेली सगळी मेदाम्लं रक्तात उतरतात का?

ॲसिटेट आणि प्रोपिओनेट बहुतांशी उतरतात. ब्युटिरेट मात्र आतड्याच्या अस्तराच्या पेशी स्वतःच जाळतात. १९८० साली माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या सुट्या पेशींवर केलेल्या कामातून दिसलं की ब्युटिरेट उपलब्ध असताना या पेशींच्या प्राणवायूच्या वापरातला सुमारे ७० टक्के वाटा त्याच्या ज्वलनाचा असतो. २०११ साली जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत असं आढळलं की त्यांच्या मोठ्या आतड्याच्या पेशी ऊर्जेविना उपाशी राहतात आणि स्वतःचेच भाग पचवू लागतात. ब्युटिरेट दिलं की ते थांबतं. शेजारी साखरेने भरलेलं रक्त वाहत असूनही या पेशी पोकळीतून येणाऱ्या इंधनावर जगतात.

या जळण्याचे आणखी दोन परिणाम आहेत. एक, ब्युटिरेट जाळताना पेशी प्राणवायू संपवतात, त्यामुळे पोकळीत तो झिरपत नाही आणि प्राणवायू न सोसणारे जिवाणू तिथे सुखाने राहतात. दुसरं, अस्तराच्या खोलगट खाचांच्या तळाशी मूळपेशी असतात. उंदरांवरच्या कामात दिसलं की ब्युटिरेट त्यांची वाढ रोखतं. वरच्या पेशी ते आधीच खाऊन टाकत असल्याने तळापर्यंत फारसं पोचत नाही. म्हणजे वरच्या पेशी स्वतःचं पोट भरता भरता खालच्यांना आडोसाही देतात.

११. यकृतात पोचल्यावर काय होतं?

उरलेलं ब्युटिरेट आणि जवळजवळ सगळं प्रोपिओनेट यकृत उचलतं. प्रोपिओनेटपासून ते ग्लुकोज बनवू शकतं. त्या वाटेत बायोटिन आणि ब१२ ही दोन जीवनसत्त्वं लागतात. ॲसिटेटचा बराचसा भाग मात्र पुढे जातो आणि स्नायू, हृदय, चरबीच्या पेशी तो वापरतात.

प्रश्न २ मधल्याच १९८७ च्या अभ्यासात रक्तही तपासलं होतं. पोर्टल शिरेत लिटरमागे सुमारे ३७५ मायक्रोमोल, यकृतातून निघणाऱ्या शिरेत १४८ आणि हातापायांकडच्या रक्तात ७९. पुढे २०१७ साली खुणेच्या, म्हणजे नंतर वेगळा ओळखता येणाऱ्या कार्बनचा वापर करून निरोगी माणसांत मोजलं गेलं. मोठ्या आतड्यात सोडलेल्या ॲसिटेटपैकी ३६ टक्के, प्रोपिओनेटपैकी ९ टक्के आणि ब्युटिरेटपैकी अवघे २ टक्के सर्वसाधारण रक्ताभिसरणात पोचलं. 'रक्तात ब्युटिरेट फार कमी आहे' असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, ते तसंच असायला हवं.

१२. एवढं आम्ल रक्तात गेलं तर रक्त आंबट होत नाही का?

होत नाही. पेशी ही आम्लं जाळतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं, ते श्वासावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतं. शिवाय रोजचा पुरवठा हळूहळू, दिवसभर होत असतो. अपवादांसाठी प्रश्न १७ आणि १८ पाहा.

१३. शौचाच्या तपासणीत एससीएफए कमी आले. माझ्या पोटात ती बनतच नाहीत का?

असा अहवाल घेऊन येणाऱ्यांची काळजी मी समजू शकतो, पण त्या अहवालावरून हा निष्कर्ष निघत नाही. शौचात जे दिसतं ते उत्पादनातून शोषण वजा जाता उरलेलं. उत्पादन उत्तम आणि शोषणही उत्तम असेल तर आकडा कमी येईल. उत्पादन बेताचं, पण अन्न आतड्यातून घाईने पुढे सरकलं आणि शोषायला वेळ मिळाला नाही, तर आकडा जास्त येईल. २००३ साली माणसांवर केलेल्या एका अभ्यासात शौचातलं ॲसिटेट आणि गुदाशयातून होणारं ॲसिटेटचं शोषण यांचं नातं उलटं निघालं: शोषण जास्त तिथे शौचात कमी.

त्यातूनही शौचाचा नमुना उघडा राहिला किंवा गार ठेवला नाही तर जिवाणू त्यात काम चालूच ठेवतात आणि वाफेबरोबर आम्लं उडूनही जातात. एकट्या आकड्यावर आहार किंवा औषध ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आयसोब्युटिरेट आणि आयसोव्हॅलरेट यांसारखी, माळेला फांदी फुटलेली आम्लं जास्त असतील तर जिवाणू कर्बोदकांऐवजी प्रथिनं आंबवत आहेत, एवढी दिशा मात्र मिळू शकते.

१४. ब्युटिरेटची कॅप्सूल घेतली तर तेच काम होईल ना?

साधी कॅप्सूल पोटात विरघळली तर ब्युटिरेट वरच शोषलं जाऊन यकृतात जातं आणि मोठ्या आतड्याच्या पेशींना काही मिळत नाही. म्हणून काही कॅप्सूलांवर उशिरा विरघळणारं आवरण असतं, किंवा ब्युटिरेट ग्लिसरॉलला (तेला-तुपात मेदाम्लं ज्याला जोडलेली असतात त्या रेणूला) बांधून दिलं जातं. त्यातलं किती खरोखर शेवटपर्यंत पोचतं हे आवरणावर आणि आतड्याच्या चालीवर अवलंबून असतं.

दुधाच्या स्निग्धांशातही ब्युटिरिक आम्ल असतं, त्याचं नावच लोण्याच्या ग्रीक-लॅटिन शब्दावरून आलं आहे. पण तिथे ते ग्लिसरॉलच्या टोकाच्या जागेवर असतं. जठरातलं विकर ते लगेच सोडवतं, आणि तेही वरच्या वर शोषलं जातं. तंतू आंबवून जागच्या जागी, दिवसभर, थोडं थोडं तयार होणारं ब्युटिरेट ही गोष्ट निराळी आहे.

१५. यातून शरीराला ऊर्जा किती मिळते?

अन्नाच्या लेबलांसाठी आंबणाऱ्या तंतूंची ऊर्जा ग्रॅममागे साधारण २ किलोकॅलरी धरतात, पचणाऱ्या कर्बोदकांच्या निम्मी. माणसाच्या एकूण ऊर्जेपैकी ५ ते १० टक्के एससीएफएमधून येते असा अंदाज आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मात्र हा वाटा सुमारे ७० टक्क्यांपर्यंत जातो. किंबहुना या शोषणाचा पहिला ठोस पुरावा मेंढ्यांत मिळाला: १९४४ साली केंब्रिजच्या बारक्रॉफ्ट, मॅकअनली आणि फिलिप्सन यांनी मेंढीच्या पहिल्या जठरातून निघणाऱ्या रक्तात ही आम्लं मोजली.

१६. आतड्याला सूज असेल तर शोषण घटतं का?

घटतं, असं बरंचसं काम सांगतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याच्या आजारात) सुजलेल्या अस्तरावर एमसीटी१ कमी झालेलं आढळतं आणि ब्युटिरेट जाळण्याची क्षमताही खालावते. काही रोगजंतू हा वाहक पेशीच्या पृष्ठभागावरून हटवतात, प्रयोगशाळेतल्या पेशींवर रोगकारक ई. कोलायच्या बाबतीत हे पाहिलं गेलं आहे. त्यामुळे सूज असताना 'ब्युटिरेट भरपूर दिलं की झालं' हे तितकं सोपं राहत नाही: माल दारात आहे, पण दारंच कमी झाली आहेत.

प्रतिजैविकांच्या कोर्सनंतरही चक्र उलटं फिरू शकतं. जिवाणू कमी, म्हणून ब्युटिरेट कमी, म्हणून पेशी प्राणवायू कमी वापरतात (प्रश्न १०), तो पोकळीत झिरपतो आणि प्राणवायू सोसणारे जिवाणू फोफावतात. सोडियम-पाण्याचं शोषणही घटतं. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांचं हे एक कारण आहे.

१७. लहान आतड्याचा मोठा भाग काढला आहे. अशा वेळी एससीएफए मदत करतात की त्रास देतात?

दोन्ही शक्य आहे. मोठं आतडं जागेवर आणि जोडलेलं असेल तर न पचलेली कर्बोदकं तिथे आंबून ऊर्जा परत मिळते. काही रुग्णांत ती दिवसाला शेकडो किलोकॅलरी भरते. म्हणून अशा रुग्णांच्या आहारात कर्बोदकांना मोठी जागा दिली जाते.

त्रास वेगळ्या आम्लाचा होऊ शकतो. कर्बोदकं एकदम खूप पोचली की पीएच फार खाली जातो, लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात आणि नेहमी ज्याचं पुढे एससीएफए होतं ते लॅक्टेट साठतं. त्यातलं डी प्रकारचं लॅक्टेट शरीर फार हळू जाळतं. ते रक्तात वाढलं की चालताना तोल जाणं, बोबडं बोलणं, गोंधळलेपण अशी नशा केल्यासारखी लक्षणं येतात. नेहमीच्या लॅक्टेट तपासणीत फक्त एल प्रकार मोजला जातो, त्यामुळे हे सुटून जाऊ शकतं. अशी लक्षणं दिसली तर शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि डी-लॅक्टेटबद्दल विचारा.

१८. बाळाला प्रोपिओनिक ॲसिडिमिया आहे. आतड्यातलं प्रोपिओनेट धोकादायक आहे का?

या जनुकीय आजारात प्रश्न ११ मधली प्रोपिओनेटची वाट तुटलेली असते, त्यामुळे ते साठून रक्त खरोखर आम्लधर्मी होतं. त्याचा मोठा भाग प्रथिनांतल्या काही अमिनो आम्लांपासून येतो, पण आतड्यातून शोषलेल्या प्रोपिओनेटचाही त्यात वाटा असतो. म्हणून चयापचय-विकारांचे डॉक्टर काही वेळा मेट्रोनिडाझोलसारखं औषध देऊन ते बनवणाऱ्या जिवाणूंना आवरतात. बद्धकोष्ठ झालं तर शोषायला जास्त वेळ मिळतो, म्हणून या मुलांत शौचाला नियमित होणं एरवीपेक्षा जास्त महत्त्वाचं असतं. तंतू वाढवणं किंवा प्रोबायोटिक सुरू करणं, काहीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

१९. स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) करून आतड्याचा खालचा भाग बाजूला ठेवला आहे. त्यातून रक्त आणि चिकट स्राव येतो. याचा एससीएफएशी संबंध आहे का?

असू शकतो. मळ वरच वळवल्यामुळे खालच्या भागात तंतू पोचत नाहीत, जिवाणूंना काम नाही, आणि अस्तराच्या पेशींना त्यांचं ब्युटिरेट मिळत नाही. त्यातून होणाऱ्या सुजेला डायव्हर्जन कोलायटिस म्हणतात. १९८९ साली काही रुग्णांना एससीएफएचा एनिमा देऊन सूज ओसरल्याचं नोंदवलं गेलं. नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आले. आतडं पुन्हा जोडलं की सूज सहसा निवळते. मात्र रक्त येण्याची इतर कारणं आधी तपासून घ्यायलाच हवीत.

२०. एनिमातून दिलेली मेदाम्लंही यकृतातूनच जातात का?

कुठे शोषली जातात त्यावर हे ठरतं. मोठ्या आतड्याचं आणि गुदाशयाच्या वरच्या भागाचं रक्त पोर्टल शिरेने यकृतात जातं. गुदाशयाच्या मधल्या-खालच्या भागातलं रक्त मात्र वेगळ्या शिरांनी थेट मुख्य रक्ताभिसरणाला मिळतं, यकृताला वळसा घालून. म्हणून एनिमाचा द्रव कितपत वर चढला त्यानुसार रक्तातलं प्रमाण बदलतं, आणि एनिमा देऊन केलेल्या प्रयोगांतले रक्ताचे आकडे रोजच्या शोषणाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.